पहिल्याच किलोमीटरला धाप लागते? सुरतच्या दमट हवेत धावण्याचा दम असा वाढवा

सुरत : पहाटे साडेपाचला उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. डबा घेऊन पाळीला निघालेली, आणि बूट बांधून धावायला निघालेली. धावणाऱ्यांत नंदुरबार, धुळे, जळगावकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची पोरंपोरी बरीच असतात. कोणाला गुजरात पोलीस दलात जायचंय, कोणी महाराष्ट्राच्या भरतीचा फॉर्म भरलाय, कोणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलंय, तर कोणाला नुसतं पोट कमी करायचंय.

यातले बरेच जण दहा-पंधरा दिवसांत धावणं सोडतात. कारण ठरलेलं असतं, "आपल्याला दमच नाही." पाचशे मीटरवर धाप लागते, छाती भरून येते, कुशीत चमक निघते. मग माणूस मनाशी ठरवून टाकतो की आपली फुप्फुसं कमजोर आहेत, हे आपलं काम नव्हे.

बहुतेकांच्या बाबतीत हा समज चुकीचा असतो. निरोगी माणसाला धावताना धाप लागते ती फुप्फुसं लहान असल्यामुळे नाही, तर शरीराची तयारी नसताना तो जास्त वेगात धावतो म्हणून. दम वाढवता येतो, आणि त्यासाठी खर्च काही नाही. मात्र पद्धत पाळावी लागते. तीच इथे टप्प्याटप्प्याने दिली आहे.

धाप नेमकी का लागते?

आरामात बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. एका श्वासात अर्धा लिटर हवा धरली तर मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत जाते. जोरात धावताना हाच आकडा शंभर लिटरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे फुप्फुसांची क्षमता गरजेपेक्षा खूप जास्त असते. धाप लागलेल्या निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं तरी रक्तातला ऑक्सिजन सहसा ठीकच दिसतो.

मग धाप कशाची? स्नायू काम करताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वेग फार वाढला की स्नायूंना लागणारा ऑक्सिजन हृदय आणि रक्तवाहिन्या वेळेत पोहोचवू शकत नाहीत. स्नायू ऑक्सिजनविना जमेल तेवढी ऊर्जा काढतात, रक्तातली आम्लता वाढते आणि ती कमी करण्यासाठी मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. जोरजोरात श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः हा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी.

याचा अर्थ असा की दम वाढवायचा तर फुप्फुसांच्या मागे लागून फारसं मिळत नाही. हृदयाची रक्त फेकण्याची ताकद आणि पायांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढवावी लागते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमधल्या बारीक केशवाहिन्या आणि पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका वाढायला मात्र आठवडे, महिने लागतात. नवशिके नेमके याच काळात सोडून देतात.

सुरतची हवा धावणाऱ्याची परीक्षा का घेते?

नवापूर, व्यारा, बारडोली करत रेल्वेने सुरतला आलेल्या माणसाला पहिला फरक जाणवतो तो हवेचा. नंदुरबारकडचं ऊन कडक पण कोरडं. सुरत समुद्राजवळ, तापीच्या मुखाशी वसलेलं असल्याने इथली हवा दमट. गावाकडे तीन किलोमीटर आरामात धावणारा पोरगा इथे दीड किलोमीटरवर थांबतो आणि घाबरतो.

त्याचा दम कमी झालेला नसतो. शरीर थंड होतं ते घाम आल्यामुळे नाही, घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच ओलावा असेल तर घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं आणि पायांच्या वाट्याचं कमी होतं. त्याच वेगाला नाडी जास्त पडते, श्वास जास्त लागतो.

यावर उपाय दोनच. पहिला, सुरतमध्ये, विशेषतः एप्रिल ते ऑक्टोबर, घड्याळातला वेग न बघता श्वास बघून धावायचं. दुसरा, शरीराला सवय होऊ द्यायची. रोज थोडं थोडं धावलं तर उष्ण हवेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवायचे. गावाहून थेट मैदानी चाचणीला येणाऱ्या उमेदवारांनी जमलं तर आठ-दहा दिवस आधी येऊन राहावं, ते याचसाठी.

वेळ पहाटेची बरी. पहाटे हवेतला ओलावा जास्त असला तरी तापमान कमी असतं आणि डोक्यावर ऊन नसतं. हिवाळ्यात मात्र पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. अशा दिवसांत महामार्ग, मिलचा परिसर आणि वर्दळीचे रस्ते टाळावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक बघता येतो. १०० पर्यंत ठीक, १०१ ते २०० मध्यम, २०० च्या वर खराब. खराब हवेच्या दिवशी धावणं सोडून घरातच व्यायाम केलेला चांगला.

जागेचं म्हणाल तर गौरव पथ, तापीकाठ, जवळची बाग किंवा शाळा-कॉलेजचं मैदान पुरेसं आहे. डुमसच्या वाळूत धावायचा मोह होतो, पण मऊ वाळूत पोटऱ्यांवर ताण येतो आणि धापही लवकर लागते. नवशिक्याने आधी सपाट, टणक जमिनीवर पाय बसवावा.

पहिला नियम : बोलता येईल इतकंच धावा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवातीचा वेग. शाळेत धावणं म्हणजे शर्यत हेच डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे माणूस पहिल्या शंभर मीटरमध्येच सगळा जोर लावतो.

यावर जगभर वापरली जाणारी सोपी कसोटी आहे, बोलण्याची. धावताना बाजूच्या सोबत्याला एक पूर्ण वाक्य सलग सांगता आलं तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. एक शब्दही निघत नसेल तर ताबडतोब चालायला लागा. एकटं असाल तर एक ते दहा आकडे मोठ्याने म्हणून बघा.

सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की लाज वाटते. बाजूने भरभर चालणारे काका पुढे निघून जातात. जाऊ द्यावं. जर्मनीतले डॉक्टर अर्न्स्ट फान आकेन आणि न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात हेच दाखवून दिलं की लांब अंतराच्या धावपटूचा पाया सोप्या वेगाच्या भरपूर धावण्यावर उभा राहतो. मोठे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक धावणं सोप्या वेगातच करतात.

धावताना श्वास कसा घ्यावा?

पोटातून श्वास. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की फुप्फुसं भरतात आणि पोट पुढे येतं. घाबरलेला किंवा दमलेला माणूस खांदे उचलून वरवरचा श्वास घेतो. त्यात तोटा कसा होतो ते साध्या हिशेबाने कळेल. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, तिचा उपयोग होत नाही. अर्ध्या लिटरचे १६ श्वास घेतले तर ८ लिटरपैकी ५.६ लिटर हवा कामाला येते. पाव लिटरचे ३२ श्वास घेतले तरी एकूण हवा ८ लिटरच, पण कामाला येते फक्त ३.२ लिटर. मेहनत दुप्पट आणि मिळकत जवळपास निम्मी.

याचा सराव घरी करता येतो. पाठीवर झोपा, एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा फारसा हलता कामा नये. रोज पाच मिनिटं हे जमलं की उभं राहून, मग चालताना, मग हळू धावताना करा.

नाकाने की तोंडाने? दोन्हींनी. नाकातून हवा गाळून, ओली होऊन येते हे खरं, पण वेग वाढला की नाकाची वाट अपुरी पडते. तोंड किंचित उघडं ठेवून दोन्ही वाटांनी श्वास घेण्यात काहीच चूक नाही. अगदी हळू धावताना फक्त नाकाने श्वास पुरत असेल तर वेग योग्य आहे अशी ती खूण समजावी.

श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. धाप लागली की सगळे आत ओढायला बघतात. आधी पूर्ण सोडा, पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

पावलांशी ताल. डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये धावणाऱ्या प्राण्यांच्या श्वासावर अभ्यास प्रसिद्ध केला. चौखूर धावणाऱ्या घोड्याचा श्वास त्याच्या उडीला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. माणूस दोन पायांवर धावत असल्याने त्याला अनेक ताल वापरता येतात. सोप्या वेगाला तीन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर. वेग वाढला की दोन आत, दोन बाहेर. मात्र मोजण्याच्या नादात श्वास अडकायला नको. ताल मोडला तर सोडून द्या, शरीर स्वतःच ठरवतं.

कुशीत चमक आली तर वेग कमी करा, दुखऱ्या बाजूला हाताने दाबा आणि हळूहळू पूर्ण श्वास सोडा. धावण्याच्या दोन तास आधी भरपेट जेवण किंवा ढसाढसा पाणी पिणं टाळलं तर हा त्रास बराच कमी होतो.

प्राणायामाचं काय? अनुलोम-विलोमसारख्या प्रकारांनी श्वासावर ताबा येतो, धाप लागल्यावर माणूस घाबरत नाही. तो फायदा आहेच. पण नुसता प्राणायाम करून धावण्याचा दम येत नाही. पाय आणि हृदय तयार व्हायचं असेल तर धावावंच लागतं.

आठ आठवड्यांचा कार्यक्रम

थोडं धावणं, थोडं चालणं ही पद्धत नवशिक्यांसाठी सगळ्यात सुरक्षित. अमेरिकेत जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये नवशिक्यांना ५ किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला, तो याच तत्त्वावर होता. खालचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करायचा आहे. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाच मिनिटं चालायचं. धावण्याचा वेग बोलता येईल इतकाच.

पहिला आठवडा : १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा.
दुसरा आठवडा : २ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, ६ वेळा.
तिसरा आठवडा : ३ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, ५ वेळा.
चौथा आठवडा : ५ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, ४ वेळा.
पाचवा आठवडा : ८ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, ३ वेळा.
सहावा आठवडा : १२ मिनिटं धावा, २ मिनिटं चाला, २ वेळा.
सातवा आठवडा : १५ मिनिटं धावा, १ मिनिट चाला, पुन्हा १० मिनिटं धावा.
आठवा आठवडा : २५ ते ३० मिनिटं सलग.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. आठचे दहा-बारा आठवडे झाले तरी बिघडत नाही. मधल्या दिवशी चालणं, सायकल किंवा पूर्ण आराम. यंत्रावर पाळीभर उभं राहणाऱ्यांचे पाय आधीच थकलेले असतात, त्यांनी सुटीच्या दिवसाला धरून वेळापत्रक बसवावं. रात्रपाळी करून, न झोपता थेट धावायला जाऊ नये. धावून झाल्यावर एकदम खाली बसू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून पाच मिनिटं चालत राहा.

आठ आठवड्यांनंतर आठवड्यातून एक दिवस थोडा वेग घालता येतो. रस्त्यावरच्या दोन विजेच्या खांबांमधलं अंतर जोरात, पुढचे दोन-तीन खांब हळू, असा खेळ. स्वीडनचे प्रशिक्षक योस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात ही रीत रुजवली, तिला 'फार्टलेक' म्हणतात. मोजमाप लागत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

गुजरातच्या लोकरक्षक भरतीत पुरुषांना ५००० मीटर २५ मिनिटांत आणि महिलांना १६०० मीटर साडेनऊ मिनिटांत पार करावं लागतं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावावं लागतं आणि वेळेनुसार गुण मिळतात. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. पाच किलोमीटरला टिकाऊपणा जास्त लागतो, १६०० मीटरला टिकाऊपणावर वेग चढवावा लागतो. निकष बदलू शकतात, त्यामुळे चालू जाहिरात वाचल्याशिवाय तयारी आखू नये.

५००० मीटरचा हिशेब सोपा आहे. ४०० मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या आणि २५ मिनिटं, म्हणजे एका फेरीला दोन मिनिटं. पुष्कळ उमेदवार पहिली फेरी दीड मिनिटात काढतात आणि सहाव्या-सातव्या फेरीला चालायला लागतात. पहिल्या चार फेऱ्या दोन मिनिटांच्या आत-बाहेर ठेवणारा शेवटी पुढे निघतो. महिलांच्या १६०० मीटरला चार फेऱ्या येतात, एका फेरीला सुमारे २ मिनिटं २२ सेकंद.

आठ आठवड्यांचा पाया झाल्यावर आठवड्यातून एकदा लक्ष्याच्या वेगाने ४०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीनंतर २०० मीटर चाला. बाकीचे दिवस सोपे. रोज जीव तोडून धावणाऱ्याचा दम वाढत नाही, नडगी दुखायला लागते. चाचणीच्या आधीचे सात-आठ दिवस धावणं निम्म्यावर आणा.

इथे घाई करणं जिवावर बेतू शकतं. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत उमेदवारांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचं होतं. त्या चाचण्यांच्या काळात दहापेक्षा जास्त तरुणांचा मृत्यू झाला आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात राखीव पोलीस बलाच्या भरतीतही धावताना त्रास होऊन तरुण उमेदवाराचा जीव गेला. वर्षभर न धावता शेवटच्या पंधरा दिवसांत तयारी करायची आणि उकाड्यात सगळा जोर लावायचा, हा मार्ग कोणीच धरू नये. मैदानाबाहेर कोणी दम वाढवण्याची म्हणून गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर साफ नकार द्यावा.

धावण्याआधी रक्त तपासा

मेहनत करूनही दम वाढत नसेल तर दोष कधीकधी रक्तात असतो. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर हृदय कितीही पळालं तरी पुरवठा अपुरा पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण गुजरातेत ६५ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के आहे. म्हणजे धावायला निघालेल्या दोन मुलींपैकी एकीला तरी हा त्रास असू शकतो. पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ आणि महिलांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. जेवणात पालेभाज्या, कडधान्यं, चालत असेल तर मटण-अंडी घ्यावीत, वर लिंबू पिळावं आणि जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

सीमाभागातल्या वाचकांसाठी दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, सिकलसेलची. नंदुरबार, डांग, तापी, सुरत, वलसाड या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक दोष जास्त आढळतो, इतर समाजांतही सापडतो. आई-वडील दोघांकडून दोष आला तर सिकलसेलचा आजार होतो. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावण्याची तयारी करू नये. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, तो खेळूही शकतो. पण उकाडा, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि अचानक पूर्ण ताकदीचं धावणं हे तिन्ही एकत्र आलं तर लाल पेशी वाकड्या होऊन रक्तप्रवाह अडतो, स्नायूंना इजा होते आणि तो कोसळू शकतो.

वाहक असणं म्हणजे धावायचं नाही असं नव्हे. फक्त वेग हळूहळू वाढवायचा, पाणी प्यायचं, मध्ये विश्रांती घ्यायची आणि पाय किंवा पाठ अचानक भरून आली की थांबायचं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ती आधीच करून घ्यावी आणि आपलं कार्ड जपून ठेवावं.

तंबाखू, पाणी आणि खाणं

विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. म्हणजे ओढणाऱ्याचं काही रक्त ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचंच राहत नाही. चांगली गोष्ट ही की ओढणं थांबवल्यावर एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून निघून जातो. मावा-गुटख्यातलं निकोटिनही नाडी वाढवतं. तोंडात पुडी ठेवून धावणाऱ्याला धाप लवकर लागते यात नवल नाही.

अर्ध्या तासाच्या धावण्याला तहान लागेल तसं साधं पाणी पुरे. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळणार असाल तर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी घ्या. एकदम दोन-तीन लिटर पाणी पिणंही धोक्याचं असतं, रक्तातलं मीठ फार पातळ होतं. धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर चालतात.

कधी थांबायचं?

छातीत दुखणं किंवा दाब येणं, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी अनियमित धडधडणं, हात किंवा जबड्यात कळ, ही लक्षणं दिसली तर त्या दिवसापुरतं नाही, डॉक्टरांनी सांगेपर्यंत धावणं बंद. धावून थांबल्यावर खोकला येऊन छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो दम्याचा प्रकार असू शकतो. त्यावर औषध आहे आणि ते घेऊन धावताही येतं. चाळिशी ओलांडलेले, रक्तदाब-मधुमेह असलेले किंवा घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेलेलं असेल असे, यांनी सुरुवात करण्याआधीच तपासून घ्यावं. ताप किंवा जुलाब असताना धावू नये.

सोबतचा धावणारा अडखळायला लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, मान, काखा, जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कोसळलेल्याचा श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा.

आपल्याच भागातली उदाहरणं

दम जन्मजात असतो असं वाटणाऱ्यांनी शेजारी बघावं. सुरतजवळच्या डांग जिल्ह्यातल्या सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायच्या. धावण्याकडे त्या नंतर वळल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होत्या. डांगच्याच मुरली गावित यांनी २०१९ मध्ये दोहा इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, वेळ २८ मिनिटं ३८ सेकंद. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं. बीडच्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे तर सैन्यात गेल्यानंतर, २०१५ मध्ये, धावण्याच्या स्पर्धांकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकलं.

सुरतमध्येही धावण्याला आता गर्दी जमते. २५ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री पंतप्रधानांनी इथे 'रन फॉर न्यू इंडिया' मॅरेथॉनला झेंडा दाखवला होता. पण मोठ्या शर्यतीचा बिल्ला छातीवर लावण्याआधी गल्लीतल्या रस्त्यावरचे आठ आठवडे काढावे लागतात.

थोडक्यात

वेग कमी करा, बोलता येईल इतकंच धावा. पोटातून श्वास घ्या, पूर्ण सोडा. आठवड्यातून तीन दिवस, धावणं-चालणं मिसळून. दमट हवेची सवय व्हायला दोन आठवडे द्या. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या. भरती असेल तर तयारी किमान तीन-चार महिने आधी सुरू करा. आणि छातीत कळ आली की थांबा. भरती पुढच्या वर्षीही निघते.